कुंपणापलीकडचे मंत्री

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल! लॉकडाऊनमध्ये आमच्या शेजारी एक खराखुरा मंत्री राहत होता आणि तो आमच्या कुंपणावरून संसद चालवायचा!

ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये, हो. पॅसिफिकमधल्या एका एवढ्याशा बेटदेशाचे आरोग्यमंत्री. मी त्यांना मिनिस्टर काका म्हणायचे. ते माझ्या आईला मॅडम स्पीकर म्हणायचे.

"मॅडम स्पीकर, पॉइंट ऑफ ऑर्डर! आपल्या कढीपत्त्याने माझ्या हद्दीत घुसखोरी केलीय."

आई कपडे वाळत घालता घालता, "मग तोडा आणि खाली बसा!"

आणि ते खरंच खाली बसायचे!

आता ऐका हं. काका ब्रिस्बेनला बायपाससाठी आलेले. तेवढ्यात कोविड. बेटाच्या सीमा बंद करायच्या होत्या, आणि सही आरोग्यमंत्र्यांची हवी. त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून इमेलने सही केली. कुणालाही सवलत नाही, असं स्वतःच लिहिलेलं. झालं! साहेब स्वतःच बाहेर अडकले, भाचीच्या घरी. भाची नर्स, सतत शिफ्टला.

आधी ते शाळामास्तर होते. मग मत्स्यखातं, मग बांधकाम, मग परत मत्स्य, मग आरोग्य. चार पक्ष झाले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी कुठे हललो, मेट? मी तिथेच उभा होतो, पक्ष सरकत गेले."

त्यांच्याकडे प्रचार म्हणजे होडीने गावोगाव जायचं आणि प्रत्येक घरी जेवायचं. एक ताट नाकारलंत की अख्खं घर गेलं. म्हणून ते काहीही नाकारायचे नाहीत. आईने कारल्याची भाजी दिली, तीसुद्धा चाटूनपुसून संपवली! वर डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आपली पद्धत, आणि नेमकी त्यांचीही तीच. मग काय! डबा इकडून तिकडे, तिकडून इकडे, चार महिने! आमच्याकडे नारळाच्या दुधातला अळू, त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी. बाबा हात जोडून म्हणाले, "अगं, कुणीतरी माघार घ्या!" कुणी घेतली नाही.

आणि मग इलेक्शन लागलं. उमेदवाराने अर्ज स्वतः येऊन भरायचा, असा तिकडचा कायदा. बाविसाव्या वर्षी मास्तर झाले तेव्हापासूनचं त्यांचं गाव, त्यांची सीट. अडकलेल्यांना न्यायला एकच विमान येणार होतं, क्वारंटाइन धरून जेमतेम वेळेत पोचवणारं. यादीत काकांचं नाव आलं! आम्ही कुंपणाशी नाचलो! आईने दशम्या बांधल्या. काका सूट घालून भाचीच्या गाडीत बसले.

त्याच दिवशी, आर्वोला, म्हणजे दुपारीच, ते परत! सूटसकट!

"काय झालं? विमान रद्द?" आई धावलीच.

"विमान गेलं. एक पोरगी होती, सातवा महिना. वेटिंग लिस्टवर. आणखी थोडे दिवस गेले की तिला उडू देणार नव्हते."

"मग तुमचं इलेक्शन?"

"तिच्या घरातून मला आजवर एक मत पडलेलं नाही, मॅडम स्पीकर," असं म्हणून ते खूप हसले. आई नाही हसली.

दुसराच कुणीतरी निवडून आला. निकालाच्या दुपारी मी काकांना व्हिडिओ कॉल लावून द्यायला गेले. मला वाटलं पक्षाच्या ऑफिसला लावायचाय. तर म्हणाले, घरी लाव, बायकोला. तिने फोन टेबलाला टेकवून ठेवला आणि ती खाली बसून खोबरं किसायला लागली. मागे घर रिकामं. एरवी तिथे म्हणे चाळीस माणसं पंगतीला असायची.

मी उठायला लागले तर काका अगदी हळू म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांच्या घरी जेवलो. ही खोबरं डाव्या हाताने किसते, हे मला आज कळलं."

तासभर ते नुसते बघत बसले.

तुमच्याकडे झालं का असं, त्या दिवसांत? घरातलंच कुणीतरी स्क्रीनवर पहिल्यांदा नीट दिसलं? सांगा ना, प्लीज!