फुलामागचा पसारा

मुळात मला बोलावलं होतं ते फक्त बटण दाबायला. "अहो, ऊन अगदी बरोबर पडलंय, लवकर या," असं बायको गॅलरीतून म्हणाली आणि मी दाढी अर्धवट टाकून, एका गालावरचा साबण तसाच ठेवून, बनियन-टॉवेलवर मोबाइल घेऊन धावलो. फोटो काढून तिथेच थांबलो असतो तर आज या घरात माझी थोडी पत उरली असती. पण मी म्हणालो, "मागचं जरा नीट करून देतो."

फूल डेलियाचं होतं. गर्द जांभळं, बशीएवढं. हिने बहिणीकडून कंद आणला होता, त्याला दोन वर्षं नुसती पानं आली. बागप्रेमी मंडळाच्या अध्यक्षबाई मध्यंतरी कुंडी बघायला घरी आल्या होत्या. जाताना गॅलरीतल्या बादलीला अडखळल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गॅलरीत डेलिया फुलणं शक्य नाही. उगाच आशा लावून बसू नका." ते हिला फार लागलं. त्या दिवसापासून ऊन सरकेल तशी कुंडी सरकायला लागली. (सरकवणारा मी. कंबर अजून धरलेली आहे.) आणि आता फूल आलं होतं, मंडळाची 'घरच्या कुंडीतलं फूल' अशी फोटोंची स्पर्धा होती, आणि हिला बक्षिसापेक्षा अध्यक्षबाईंचा चेहरा बघायचा होता.

फोटोत फूल झकास आलं होतं. अडचण त्याच्या मागे होती. दोरीवर माझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. खाली कडी तुटलेली लाल बादली. गॅलरीच्या अर्धवट उघड्या दारात सासूबाई, आणि दाराच्या काचेत साक्षात मी: गुडघे वाकवलेले, तोंड उघडं, एक गाल पांढरा.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसतो, त्याला आम्ही एक्स्पर्ट म्हणतो. सहलीचे फोटो तोच काढतो. मी त्याला फोटो पाठवला आणि फोन लावला. पहिली काही मिनिटं तो नुसता हसत होता. मग म्हणाला, "हे बघ, फोटोतला हिरो कोण?"

"फूल."

"मग बाकीच्यांचं तिथे काय काम? मागचं सगळं धूसर कर. तरी डोळ्यात खुपलं तर काळोखं कर. तरीही खुपलं तर सरळ पुसून टाक."

मी धूसर केलं. चड्डी धूसर झाल्यावर एखाद्या देशाचा झेंडा वाटायला लागली. मग काळोखं केलं, तर बाकी सगळं बुडालं आणि सासूबाईंचा चष्मा तेवढा अंधारात चमकत राहिला. हे मात्र भयंकर होतं. मी पुन्हा फोन लावला. मोबाइलवर बोटांनी पुसत होतो, म्हणून बोलायला घरचा फोन कान आणि खांद्यात धरला होता. (माझी मान का धरते, हे डॉक्टरांना अजून कळलेलं नाही.)

"चड्डी गेली, बादली गेली," मी सांगत होतो. "आता सासूबाईंना उडवायचं राहिलंय... नाही, एकदम नाही, कडेकडेने घेतो... आधी डोकं, मग बाकीच्या. कुणाला पत्ता लागणार नाही."

मागे पेला वाजला. सासूबाई पाणी प्यायला आल्या होत्या.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी रविवारी जाणारच होते."

"आई, तसं नाही. तुम्ही मागे आहात ना, म्हणून."

"कशाच्या मागे?"

"फुलाच्या. तुमच्यामुळे फुलाकडे लक्ष जात नाही."

"फोटो निघतोय म्हणून केस विंचरून आले होते," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी न पिताच आत गेल्या. रात्री जेवताना त्यांनी मला काहीच वाढलं नाही.

पण फोटो असा झाला की विचारू नका. मागे गुळगुळीत काळा रंग आणि मधोमध फक्त फूल. (पुसण्याच्या भरात कुंडी, दोन पानं आणि देठही गेला होता, पण फुलाला देठ असतो हे लोकांना माहीत असतंच.) मोबाइलने विचारलं, जुना फोटो ठेवायचा का? मी हाडाचा कारकून. एका कामाच्या दोन प्रती टेबलावर ठेवत नाही. जुना उडवला, नवा मंडळाला पाठवला.

निकालाच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात एकेक फोटो पडद्यावर दाखवत होते. आमचा आला तसं सगळं सभागृह "वा" म्हणालं. हिने माझा हात दाबला. लग्नानंतर चारचौघांत हे पहिल्यांदाच.

अध्यक्षबाई माइकवर आल्या. "फूल अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. "पण हे घरच्या कुंडीतलं कशावरून? इथे कुंडी नाही आणि घरही नाही. असं फूल मी बियाण्यांच्या पाकिटावर पाहिलं आहे. शिवाय यांची गॅलरी मी स्वतः बघितलेली आहे."

लोक वळून आमच्याकडे बघायला लागले. हिने माझा हात सोडला. तिचे डोळे भरून आले होते आणि मला खरोखर फार वाईट वाटलं. दोन वर्षं तिने त्या कंदाला लेकरासारखं जपलं होतं, आणि मी एका संध्याकाळी तिला चोर ठरवलं होतं. दाखवायला फूलही उरलं नव्हतं, पाकळ्या केव्हाच गळल्या होत्या.

"आधीचा फोटो दाखवा ना," ती हळूच म्हणाली.

"तो मी पुसला."

ती पर्स उचलून उठायला लागली. तेवढ्यात मला एक्स्पर्ट आठवला. मी बाहेर जाऊन फोन लावला.

"तो फोटो आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे म्हणजे? साहेबांनीसुद्धा मागून घेतलाय. मूड गेला की आम्ही सगळे तोच बघतो."

एक्स्पर्टने लगेच पाठवला आणि तो फोटो पडद्यावर आला. भिंतभर. माझा पांढरा गाल एखाद्या माणसाएवढा होता. लोक इतके हसले की मागच्या रांगेतलं कुणीतरी खुर्चीवरून घसरलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याजवळ गेल्या, चष्मा वर सारला आणि बादलीकडे टक लावून बघत राहिल्या.

"हीच ती बादली," त्या म्हणाल्या. "माझा अंगठा महिनाभर दुखत होता." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "चुकलं माझं. पहिलं बक्षीस तुमचं."

अध्यक्षबाईंचा चेहरा हिला अगदी हवा तसा बघायला मिळाला.

परवा सासूबाई पुन्हा राहायला आल्या, तेव्हा हिने तो फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला. मी ऑफिसातून आल्यावर कौतुकाने समोर उभा राहिलो. फूल होतं, कुंडी होती, बादली होती. केस विंचरलेल्या सासूबाई होत्या. काच मात्र लख्ख, रिकामी होती.

"मी कुठे गेलो?" मी विचारलं.

"एक्स्पर्ट भावजींकडून शिकून घेतलं," ही म्हणाली. "तुमच्यामुळे फुलाकडे लक्षच जात नव्हतं."

"आणि चड्डी?"

"ती राहू दे," आतून सासूबाई म्हणाल्या. "घरचं आहे हे कळायला काहीतरी हवं ना."