पाटावरची गुडदाणी

भोगीच्या सकाळी पार्वतीबाईंनी तिळाच्या लाडवांचा डबा उघडला, तेव्हा मुंग्यांची संक्रांत एक दिवस आधीच साजरी झालेली होती. डब्याच्या काठावरून निघालेली रांग फडताळामागून भिंतीत शिरत होती आणि जी ती तोंडात तीळ धरून घाईने घरी निघाली होती.

लाडू घरात खायचे असते तर झटकून खाल्ले असते. पण ते जायचे होते नरसीला. पार्वतीबाईंची एकुलती एक लेक गोदावरी तिथे दिली होती आणि लग्नानंतरची तिची ही पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला माहेरचं वाण आलं नाही तर सासरचे लोक काही बोलत नाहीत; फक्त दहा वर्षं लक्षात ठेवतात. त्यातून गोदावरीच्या सासूबाई मिराबाई म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सुनेच्या माहेरची एकेक वस्तू हातात धरून दाखवणाऱ्या. लुगडं, चोळी, बांगड्या, सगळं गाठोड्यात बांधून तयार होतं. राहिलं होतं ते गोड, आणि गोडच मुंग्यांनी नेलं.

"आता काय करू वो?" पार्वतीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "दुपारच्या आत भावजींची दमणी निघन. तीळ कुठून आणू अन्‌ लाडू कवा वळू?"

उत्तमरावांनी डब्यात डोकावून पाहिलं. "गुडदानी कर. शेंगा घरच्या हायेत, गूळ घरचा हाय. चुलीवर ठिवली की झाली," ते म्हणाले आणि मळ्यात निघून गेले. संकट आलं की मळ्यात जायचं, ही त्यांची जुनी सवय होती.

सल्ला मात्र खरोखर चांगला होता. पार्वतीबाईंनी भराभर शेंगदाणे भाजले, सालं पाखडली, कढईत गूळ चढवला. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला तर तो खड्यासारखा वाजला. लगेच दाणे ओतले, पाटाला तूप माखलं आणि सगळा गोळा पाटावर थापून पाट ओसरीच्या वाऱ्यात ठेवला. गल्लीतून धूळ येत होती, म्हणून वर एक धुतलेलं पांढरं उपरणं घडी घालून पसरलं. जरा निवली की वड्या पाडायच्या. फार निवली तर मात्र कुऱ्हाडच लागायची. थोड्या वेळाने त्या सुरी आणायला आत गेल्या. सुरी जागेवर नव्हती. सुरी शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात माणिकराव आले.

माणिकराव हे उत्तमरावांचे थोरले भाऊ आणि गावचे पाटील. पलीकडच्या आळीत राहत. अख्ख्या गोरेगावात त्यांच्याएवढं शुभ्र धोतर कुणाचं नव्हतं. पुतणीचं पहिलं वाण घरातल्या वडीलधाऱ्याने न्यावं म्हणून आज ते स्वतः नरसीला निघाले होते. बैल जुंपलेली दमणी दारात उभी होती. ओसरीत पाऊल टाकलं तर समोर पाट आणि पाटावर घडी घातलेलं पांढरंशुभ्र उपरणं. बावीस वर्षं या ओसरीत त्यांना घोंगडीवर बसवलं जात होतं. भावजयीला उशिरा का होईना रीत कळली, असं म्हणून ते समाधानाने पाटावर बसले.

पार्वतीबाई सुरी घेऊन दारापर्यंत आल्या आणि दाराआडच थिजल्या.

अशा वेळी बाईमाणूस ओरडतं. पण नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, असा त्या काळचा रिवाज होता आणि पार्वतीबाईंनी तो बावीस वर्षं कडक पाळला होता. काम अडू नये म्हणून एक सोय होती. माणिकराव भिंतीकडे पाहून विचारत. उत्तर 'हो' असेल तर पार्वतीबाई दाराआडून बांगड्या वाजवत, 'नाही' असेल तर दाराची कडी. दोन घरांचा कारभार एवढ्यावर बिनबोभाट चालला होता.

"वा!" माणिकराव भिंतीला म्हणाले. "पाट उन्हात ठिवला व्हता वाटतं. काय ऊब हाय! पौषात अशी बैठक न्हाई मिळत."

दाराआडून काहीच वाजलं नाही.

"उत्तम मळ्यात गेला का?"

बांगड्या वाजल्या.

"वाण तयार हाय का?"

बांगड्या वाजल्या आणि पाठोपाठ कडीही वाजली.

"म्हंजी? तयार हाय अन्‌ न्हाई बी? गाठोड्यात न्हाई का बांधलं?"

कडी.

"मंग चुलीपाशी हाय?"

कडी.

"इथं ओसरीत हाय का?"

बांगड्या इतक्या जोरात वाजल्या की त्यांतली एक वाढवली. माणिकरावांनी ओसरीभर नजर फिरवली. खुंटीवर पाहिलं, कोनाड्यात पाहिलं, मान वर करून शिंक्यात पाहिलं. माणूस हरवलेली वस्तू सगळीकडे शोधतो, स्वतःच्या बुडाखाली तेवढी शोधत नाही. "दिसून न्हाई राह्यलं," त्यांनी भिंतीला कळवलं.

'तुमच्या खाली' हे सांगायला बांगड्यांत काही सोय नव्हती. शेवटी पार्वतीबाईंनी अंगणातल्या म्हशीचा आधार घेतला. "अगं चंद्रे," त्या दाराआडून म्हणाल्या, "ऊठ की बाई! जिथं बसलीस तिथं खाली काय हाय ते तर पाह्य!"

सकाळपासून उभ्या असलेल्या चंद्रीने मान वळवून पाहिलं.

"सणासुदीला मुक्या जनावराला तकलीफ देऊ नाही," माणिकराव समजुतीने म्हणाले आणि उबेत आणखी ऐसपैस बसले.

तेवढ्यात शेजारच्या सखुबाई विस्तव मागायला आल्या. त्यांना पाटलांशी बोलायची बंदी नव्हती. पार्वतीबाईंच्या ओठावर आलंही होतं. पण सखुबाईंना सकाळी कळलेलं दुपारी हिंगोलीच्या बाजारात पोचत असे. वाणाआधी वाणाची हकीकत नरसीला जायची! पार्वतीबाईंनी ओठ दाबून धरले आणि गोवरीवर विस्तव दिला.

"पाटील, लई वेळ बसले आज?" सखुबाईंनी जाता जाता विचारलं.

"निघतोच," म्हणून माणिकराव उठू लागले. त्यांच्याबरोबर पाटही दोन बोटं उठला. ते झटकन खाली बसले. पाट ठाणकन आपटला.

"काय वाजलं वो?"

"गुडघा," माणिकराव म्हणाले.

"तेल लावत जा," सखुबाई कळवळून म्हणाल्या आणि गेल्या.

माणिकरावांनी हळूच मागे हात नेला, चाचपला आणि बोट नाकाशी धरलं. उपरण्यातून वर पाझरलेल्या गुळाचा वास आला. मग ऊब कसली होती, वाण कुठे होतं, चंद्रीला काय सांगणं चाललं होतं, सगळं त्यांना एकदमच उमगलं. गावातले पन्नास तंटे तोडलेला हा माणूस. पण उठावं तर पाट सोबत येतो आणि जोर लावावा तर धोतर मागे राहतं, तेही धाकट्या भावाच्या बायकोसमोर! इज्जतीने करण्यासारखं एकच काम उरलं होतं. ते बसून राहिले.

"जर्मन लई पुढं येऊन राह्यला म्हनतेत," ते भिंतीला म्हणाले.

बांगड्या वाजल्या. दुसरं काय वाजणार?

"राकेल न्हाई मिळत कुठं."

बांगड्या.

बाहेर बैल माना हलवून कंटाळा कळवत होते. अंगणातलं ऊन सरकत तुळशीपाशी आलं. आता निघालं नाही तर दमणी दिवसाउजेडी नरसीला पोचत नव्हती. पार्वतीबाईंना बायकांनी भरलेली मिराबाईंची ओसरी दिसली, गोडाचं रिकामं ताट दिसलं आणि त्या ताटामागे मान खाली घालून बसलेली गोदावरी दिसली. बावीस वर्षांचा रिवाज एका पारड्यात आणि लेक दुसऱ्या पारड्यात. त्यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि त्या उंबऱ्याबाहेर आल्या.

"भावजी, वाण तुमच्या खाली हाय."

माणिकरावांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

"मला ठावं हाय," माणिकराव शेवटी म्हणाले.

"कवापासून?"

"सखुबाई आली तवापासून."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"कुणाशी बोलू? भावजयीशी बोलत न्हाई आपन."

"भिंतीशी तर बोलून राह्यलात की!"

"भिंतीला सांगन्यासारखी गोष्ट व्हती का ही?" माणिकराव कळवळून म्हणाले.

पार्वतीबाई आत गेल्या आणि दाराआडून उत्तमरावांचं दुसरं धोतर बाहेर आलं. थोड्या वेळाने त्या ओसरीत आल्या, तेव्हा माणिकराव भावाचं धोतर नेसून अंगणात चंद्रीशेजारी उभे होते आणि पाटावर त्यांचं शुभ्र धोतर एकटंच बसलेलं होतं. पार्वतीबाईंनी कोमट पाण्याच्या फडक्याने ते अलगद सोडवलं, मग उपरणं सोडवलं. खाली पाहतात तर गुडदाणी एकसारखी पातळ, तव्यासारखी सपाट! आणि पाटलांच्या उबेने अजून नरम. सुरी लावली की वडी सुटत होती.

"पन भावजी," त्या थबकल्या, "अशी धाडावी का लेकीच्या घरी?"

माणिकरावांनी चावडीवर करत तसा विचार केला. "मधी उपरनं व्हतं. ते धुतलेलं व्हतं का?"

सवयीने बांगड्या वाजल्या.

"आता बोलून सांगा की!"

"व्हय, धुतलेलं व्हतं."

"मंग बाधा न्हाई. आन्‌ घरातल्या थोरल्याचा हातभार लागला म्हना."

दमणी निघाली. उत्तमराव बुटके होते, त्यामुळे पाटलांचं धोतर आज पोटऱ्यांवरच संपत होतं. वेशीपर्यंत लोक उठून रामराम करत होते आणि माणिकराव बैलांच्या शिंगांवरची नजर काढत नव्हते.

चौथ्या दिवशी ते परतले. ओसरीतल्या घोंगडीवर आधी तळहात फिरवून मगच बसले. पार्वतीबाई पदर सावरून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. उत्तमराव मळ्यातून आले होते, ते दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले.

"गोदू कशी हाय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"खुशीत हाय. मिराबाईंनी गुडदानी बायकायला हातात धरून दाखवली. म्हनल्या, इतकी बराबर अन्‌ पातळ गुडदानी आमच्या नरसीत कुनाला जमत न्हाई. सुनेच्या माहेरचं काम लई नेटकं. मंग मला इचारलं, लाटनं कोन्तं वापरता?"

पार्वतीबाईंचा जीव टांगणीला लागला. "तुमी काय सांगितलं?"

"खोटं कशाला सांगू? म्हनलं, थोरल्या घरचं हाय. जुनं हाय, पन जड हाय."

"मंग?"

माणिकरावांनी घसा साफ केला. "मंग म्हनल्या, पुढल्या संक्रांतीला वाण नका धाडू. ते लाटनंच धाडा, दोन दिवसासाठी."

"अन्‌ तुमी?"

"पोरीच्या सासरचं काम, न्हाई कसं म्हनू?" माणिकराव म्हणाले. "येतो म्हनून सांगून आलो."