उलटा बसलेला हात

मल्लय्या माणसाला भेटला की आधी त्याच्या मनगटाकडे बघायचा. "मास्तर, ह्ये घड्याळ कवा बंद पडनार?" आजाऱ्याच्या वारसानं डॉक्टरला विचारावं, तशा आवाजात!

सोलापुरात आमच्या चाळीत हा माझा शेजारी. गिरणीत फिटर होता. निवृत्त झाल्यावर मोडक्या यंत्रांतून कळसूत्री बाहुल्या करायला लागला. मागाच्या तुटक्या धोट्याचं धड, सुताच्या रिकाम्या कांड्यांचे पाय, स्टोव्हच्या बर्नरचं डोकं. त्याचा हवालदार तर पोटात सायकलची घंटी घेऊन चालायचा. चालत्या वस्तूला मात्र मल्लय्या हात लावायचा नाही. "मेल्याशिवाय न्हाय घेनार," म्हणायचा आणि मरायची वाट बघत बसायचा. ट्रान्झिस्टर खरखरायला लागला की चाळीतले लोक आधी तो मल्लय्यापासून लपवायचे, मग दुरुस्तीचं बघायचे.

टीका अजिबात खपायची नाही. एकदा मी म्हटलं, "हवालदाराचा डावा पाय आखूड झालाय." झालं! "तुमी शाळेत चुका काढा की. हितं कशाला?" आठ दिवस अबोला.

त्या वर्षी गणपतीसाठी त्यानं बाई करायला घेतली. रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरणारी. आमच्याकडं घरोघरी बायका हेच करायच्या, त्यात नवल ते काय? पण तिचं मनगट काही केल्या वळेना. त्याला नाजूक स्प्रिंग हवी होती, आणि ती माझ्या गजराच्या घड्याळात होती. रोज सकाळी स्वारी दारात हजर. "गेलं का?" शेवटी एकदाचं गेलं. मेल्याची दृष्टच लागली, दुसरं काय! मी निमूटपणे देऊन टाकलं.

गणपतीत मांडवातला पडदा वर गेला. बाईनं रहाट फिरवायला घेतला आणि बायकांत खसखस पिकली. रहाट उजव्या हातानं फिरवतात, डाव्यानं सूत धरतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मल्लय्याची बाई डाव्या हातानं फिरवत होती!

"मामा, हात उलटा बसवला की ओ!"

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठ दिवसांच्या अबोल्याचा वचपा! सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो, "मल्लय्या, चूक! चूक!"

खेळ संपल्यावर शिव्या खायच्या तयारीनं पडद्यामागं गेलो. तो बाहुलीच्या दोऱ्या गुंडाळत होता.

"उजवा बसवून बघितला, मास्तर. झ्याक फिरत हुता. पन नरसम्मा वाटंना."

नरसम्मा म्हणजे त्याची बायको. मी चाळीत राहायला यायच्या आधीच वारलेली.

"डावरी हुती ती. समदी अशीच हासायची तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "चुकलं माझं, मल्लय्या. मला काय माहीत?"

"कसं असनार? तुमी बघितलंच न्हाय की तिला," बाहुलीचं मनगट धोतराच्या सोग्यानं पुसत तो म्हणाला. "म्हनून तर केली."