दोन दिवसांसाठी नेलेलं स्टूल

ट्रक यायच्या आधी तिने एक काम उरकून घेतलं. वडिलांचं लाकडी स्टूल उचलून फाटकाबाहेर, कुंपणाच्या कडेला नेऊन ठेवलं. घरातलं बाकी सगळं आज जुनं सामान घेणाऱ्याच्या ट्रकमध्ये चढणार होतं आणि संध्याकाळी किल्ल्या नव्या मालकांच्या हातात जाणार होत्या. तिच्या फ्लॅटमध्ये पलंग, कपाटं न्यायला जागा नव्हती. स्वतःसाठी तिने एवढं स्टूलच राखलं होतं. हमालांना काय, दिसेल ते उचलतात. चुकून ट्रकमध्ये जायला नको, म्हणून तिने ते सुरक्षित जागी ठेवलं.

स्वयंपाकघराची खिडकी लावून ती परत आली, तर सुरक्षित जागा तेवढी शिल्लक होती.

स्टूल म्हणाल तर साधंच. बैठक झिजून मधोमध खोलगट झालेली. वडील त्यावर बसून बूट घालायचे, नाड्या बांधून झाल्या तरी उगीचच थोडा वेळ बसून राहायचे. एका पायावर, अगदी खाली, बारीक दातांचे ठसे होते. "आमच्या बाईसाहेबांना दात येत होते तेव्हाचे," असं ते आल्यागेल्याला दाखवत. वर त्यांची बैठक आणि खाली तिचे दात, असं दोघांचं मिळून त्या घरात एवढंच काही होतं. वडील गेल्यापासून ती रडली नव्हती. कागदपत्रं, बँक, घराचा व्यवहार, एकामागून एक कामं निघत गेली. स्टूल घरी नेऊन एकदा त्यावर बसू, मग काय ते बघू, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

आणि मग तिला गल्लीचा नियम आठवला. फाटकाच्या आतलं ते मालकाचं, बाहेरचं ते गल्लीचं. हा नियम कुणी बसून केलेला नव्हता, त्यामुळे तो बदलायचीही सोय नव्हती. तिची बाबागाडी अशीच कुणाच्या तरी फाटकाबाहेरून आली होती आणि पुढे निम्म्या गल्लीची पोरं फिरवून चाकं निखळल्यावरच थांबली होती. लिफ्टच्या इमारतीत राहून ती हे सगळं विसरली होती. तिकडे दाराबाहेर चप्पल राहिली तरी सोसायटीची सूचना येते.

ती कॉलेजात ग्रंथपाल होती. नेलेली वस्तू सभ्यपणे परत मागण्यात तिची हयात गेली होती. तिने केस सारखे केले आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची बेल वाजवली.

"डॉक्टर, राग मानू नका. बाबांची एक वस्तू होती. चुकून तुमच्याकडे तर..."

डॉक्टरांचा चेहरा, त्यांच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटचा व्हावा, तसा झाला. "ताई, मी आज ना उद्या आणून देणारच होतो," असं म्हणून ते आत गेले आणि ड्रिलमशीन घेऊन आले.

"हे नव्हे."

"मग पाना?" ते पुन्हा आत गेले. नळाचा मोठा पाना आणि एक करवत आली. "फिटरकाका कधी मागायचेच नाहीत हो. त्यामुळे आपलंच आहे असं वाटायला लागतं."

वडील कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते गल्लीचे फिटर झाले. त्यांनी कुणाला काय दिलं याची नोंद कुठेच नव्हती. ग्रंथपाल मुलीला हे नेहमी खटकायचं. "लिहून ठेवत जा," ती म्हणायची. "लिहिलं की परत मागावं लागतं," ते म्हणायचे.

ड्रिलमशीन, पाना आणि करवत घेऊन ती बाहेर पडली, तोवर डॉक्टरांच्या बायकोने फोन उचलला होता. "अगं, फिटरकाकांची मुलगी वस्तू परत मागत फिरतेय. नाव घेत नाही कशाचं. पण चेहरा बघवत नाही."

ती पोस्टमास्तरांच्या घराशी पोचली, तर मास्तर शिडी खांद्यावर घेऊन फाटकातच उभे. डोक्याला फडकं बांधलेलं.

"ही घे बाई तुझी शिडी. पंख्याचं एक पातं पुसून झालंय, दोन राहिलीत. राहू देत. मेलेल्या माणसाचं ठेवून घेतलं असं नको व्हायला."

"काका, मी शिडी मागायला नव्हते आले."

"मग काय, कुदळपण हवी?" मास्तर दुखावले. "थांब, आणतो."

हां हां म्हणता अंगण भरलं. पत्रे कापायची कात्री आली, पाण्याचा पाइप आला, जोडीतला एकच रबरी बूट आला. ती प्रत्येकाला "हे नको, मी फक्त स्टूल शोधतेय," म्हणत होती. पण आपलं पाप फेडायला निघालेला माणूस कुणाचं ऐकत नाही. शेवटी कोपऱ्यावरचे जिमवाले व्यायामाची सायकल ढकलत आले.

"ही बाबांची नाही," ती म्हणाली.

"नसू दे. तीनदा दुरुस्त त्यांनीच केली. तुम्हीच सांगा, कुणाची म्हणायची?" आणि उत्तराची वाट न बघता ते गेले. घरातली अडगळ काढून वर पुण्यही मिळवायची संधी पुन्हा कधी मिळणार होती?

एवढ्यात ट्रक आला. ट्रकवाल्याने अंगण पाहिलं, आत डोकावून घर पाहिलं.

"बाई, घर रिकामं करायचं होतं की भरायचं?"

"सगळं घेऊन जा," ती म्हणाली.

हमालांनी पहिली उचलली ती शिडी. फाटकाशी रेंगाळणारे पोस्टमास्तर पुढे झाले. "अरे, अरे, शिडी भंगारात? मग मी पंखा काय उडून पुसू?"

"काका, तुम्हीच आणून दिलीत ना?"

"तुला दिली. याला नाही दिली." त्यांनी शिडीचं दुसरं टोक धरलं.

डॉक्टरांनी ड्रिलमशीन गुपचूप काखेत मारलं. पाइप ज्यांचा त्यांच्याकडे निघाला. एक बाई रबरी बुटासाठी परत आल्या. भराभर अंगण मोकळं झालं. व्यायामाची सायकल तेवढी राहिली. पलंग, कपाटं आणि ती सायकल घेऊन ट्रक गेला. रिकाम्या घरात तिच्या पावलांचा आवाज घुमायला लागला, म्हणून ती पायरीवर येऊन बसली.

आणि समोर तिला स्टूल दिसलं.

समोरच्या घराच्या व्हरांड्यात हेडबाई बसल्या होत्या आणि स्टुलावर त्यांचे सुजलेले पाय होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना कैक वर्षं झाली, पण गल्ली त्यांना अजून हेडबाईच म्हणे. बाई कुणाकडून टाचणीसुद्धा घेत नसत. त्यांना विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती रस्ता ओलांडून गेली. "बाई, ते बाबांचं स्टूल."

"कुणाचं?" बाईंनी पाय खाली घेतले. "माझ्या आईचं आहे ते. तुझ्या बाबांनी दोन दिवसांसाठी नेलं होतं. तुझ्या बारशाच्या आधी, पाळण्याचा हूक ठोकायला."

"पण त्यावर माझे दात आहेत."

"ते माझे आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "खात्री करायची तर डॉक्टरांना बोलाव. कुणी सांगितलं तुला, तुझे म्हणून?"

तिने मागे वळून रिकाम्या घराकडे पाहिलं. बाईंना कळलं.

"तुम्ही मागितलं नाहीत कधी?"

"रोज मागायचे मी. संध्याकाळी यायचे ना तुझे बाबा. मी म्हणायचे, स्टूल? ते म्हणायचे, आणतो उद्या. मग चहा व्हायचा. आणून दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कशाला आले असते?" बाईंनी बैठकीवरून हात फिरवला. "सकाळी फाटकाबाहेर दिसलं. म्हटलं, गेले, पण शब्द पाळला. काठी टेकत मी गेले आणि घेऊन आले. आता मागायला काही राहिलं नाही."

ती खालच्या पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांचं रडली. बाईंनी समजूत घातली नाही. वर्ग शांत व्हायची वाट बघावी, तशा त्या थांबून राहिल्या.

"घेऊन जा," मग त्या म्हणाल्या.

"नको. तुमचं आहे."

"माझं आहे म्हणूनच देतेय. दोन दिवसांसाठी."

"दोन दिवसांत नाही जमायचं, बाई."

"तुझ्या बाबांना तरी कुठे जमलं?"

संध्याकाळी किल्ल्या देऊन झाल्या. नवीन मालकीणबाई फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "गाडी येईपर्यंत ते स्टूल खाली ठेवा ना. हात भरून येतील."

"नको," ती म्हणाली. "तुम्हीही काही ठेवू नका."

गाडी आली. स्टूल मांडीवर घेऊन ती बसते न बसते, तोच समोरून खणखणीत आवाज आला.

"परत कधी आणतेस?"

तिने काच खाली केली.

"आणते उद्या."