गळका नळ आणि एकनिष्ठ पुतण्या

अनेक धन्यांची चाकरी करणाऱ्याला शांत झोप लागत नाही, हे फार जुनं सत्य आहे. धनी एकच असला की माणूस निश्चिंत झोपतो. आणि तो धनी कोण, कुठे राहतो, कधी काय मनात आणतो, यातलं काहीच ठाऊक नसेल, तर झोप इतकी गाढ लागते की शेजारचे येऊन नाडी बघून जातात. आमच्या पुतण्याला अशी झोप सुमारे दीड वर्ष लागत होती.

पुतण्याचा मूळ धंदा नळदुरुस्तीचा. बाजारामागच्या गल्लीत त्याचं भाड्याचं छोटं दुकान होतं. लहानपणी खेळणी सोडून नळाचे वायसर गोळा करायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला वायसरच म्हणतात. दुकानात फावल्या वेळी त्याने एक वेबसाइट काढली. गळका नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा, एवढाच तिचा विषय. पाणी बंद करा, नट सैल करा, जुना वायसर काढा, नवा घाला, नट आवळा. चौथीतल्या मुलालाही कळेल असं लिहिलेलं. (चौथीतल्या एका मुलाला दाखवून तशी खात्री करून घेतली. त्याने घरातला गळका नळ दुरुस्त केला आणि मग उत्साहाच्या भरात चांगले नळही दुरुस्त केले.)

वाचक वाढले, तेव्हा एक जाहिरात नेटवर्क आपण होऊन दारात उभं राहिलं. हे नेटवर्क म्हणजे काय, ते सावकाश समजून घेऊ, घाई नाही. समजा, तुमच्या घराची एक भिंत रस्त्याकडे आहे. एक अदृश्य गृहस्थ येतात आणि म्हणतात, "ही भिंत आमच्याकडे सोपवा. तिच्यावर काय लावायचं ते आम्ही ठरवू, पैसे किती द्यायचे ते आम्ही ठरवू, आणि द्यायचे की नाही तेही आम्हीच ठरवू. तुम्हाला कसला म्हणून त्रास नको." इतकी काळजी सख्खा भाऊसुद्धा घेत नाही.

नेटवर्कची बुद्धीही अचाट. नळ गळतोय म्हणून आलेल्या वाचकाला ते नळाची जाहिरात दाखवत नाही. तो तर गरजू, त्याला काय दाखवायचं! ते त्याला सोफा दाखवतं, कारण मागच्या आठवड्यात त्याने सोफा पाहिला होता. वाचकाने तो सोफा विकत घेतलेला असतो, बहुधा त्याच सोफ्यावर बसून तो वाचत असतो. तरी नेटवर्क त्याला तोच सोफा पुन्हा पुन्हा दाखवतं. याला चिकाटी म्हणतात.

पैसे येऊ लागले. नेटवर्कच्या एका परिपत्रकानुसार 'एकाग्र भागीदारांना अधिक लाभ' होतो. वायसर एकाग्र झाला. तीन इमारतींच्या नळांचं वर्षाचं कंत्राट होतं, ते त्याने सोडलं. हार्डवेअरवाला शेठ स्वतः चालत आला होता. "वायसरभाऊ, आमच्या नळांची जाहिरात तुमच्या साइटवर लावा की. दर महिन्याला हातात पैसे देतो."

"शेठ, असं थेट नाही चालत आता. नेटवर्कमार्फत या."

शेठ नेटवर्कमार्फत गेला. त्याच्या नळांची जाहिरात टक्कल जाण्याच्या औषधाच्या साइटवर लागली. तिथे तिला म्हणे बरा प्रतिसाद आहे.

राहिलं दुकान. दुकान म्हणजे भाडं, धूळ आणि उधारी. वायसरने मालकाला वर्षअखेर किल्ली देण्याचा शब्द दिला. त्या संध्याकाळी आमची सूनबाई, म्हणजे वायसरची बायको, भाजी निवडत होती. मुलाच्या शाळेची फी आणि घराचा हप्ता तीच सांभाळते. ती म्हणाली, "आणि हे बंद झालं तर?"

"एवढी मोठी कंपनी कशी बंद होईल?"

"कंपनीचं कुणी विचारलंय? तिने तुम्हाला बंद केलं तर, असं विचारतेय."

वायसर हसला. उत्तर नसलं की तो हसतो. हे त्याच्या वडिलांवर गेलंय.

पुढे नेटवर्कच्या सूचनांनुसार साइटचं सुलभीकरण झालं. आधी सगळी कृती एका पानात होती. एका पानात जाहिराती मावणार किती? म्हणून तिची चौदा पानं केली. नट सैल करणं तिसऱ्या पानावर आलं. 'पाणी बंद करा' ही सूचना महत्त्वाची असल्याने तिला अकराव्या पानावर, सर्वांत महागड्या जागेशेजारी मानाचं स्थान मिळालं. वाचकांची पत्रं येऊ लागली. काही ओली होती, असं म्हणता येत नाही, कारण ती ई-मेल होती. पण भाषेवरून अंदाज यायचा. नेटवर्कने मात्र अभिनंदन केलं: वाचक साइटवर पूर्वीच्या चौपट वेळ थांबत आहेत. (ओल्या बोटाने पान लवकर पुढे सरकत नाही.)

याच सुमारास वहिनींना, म्हणजे वायसरच्या आईला, नवा फोन मिळाला. आमच्या घराण्यात एक रीत आहे: ज्याचं खावं, त्याला विसरू नये. वहिनींनी विचार केला, ज्या जाहिरातींच्या जिवावर पोराचा संसार चालतो, त्या साध्या उघडूनही बघायच्या नाहीत? हा कुठला शिष्टाचार? सकाळचा चहा झाला की त्या चौदाही पानांवरची प्रत्येक जाहिरात उघडायच्या, शेवटपर्यंत वाचायच्या आणि मगच अंघोळीला जायच्या. त्यांनी हे धाकट्या बहिणीला शिकवलं. बहिणीने आपल्या विहिणीला. महिन्याभरात सगळं नात्यागोत्यातलं मंडळ कामाला लागलं. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही, अशा सात बायका रोज ट्रॅक्टरच्या टायरची चौकशी करत होत्या. वायसरला कुणी काही बोललं नाही. केलेले उपकार बोलून दाखवायचे नाहीत, हीसुद्धा आमची रीत.

उत्पन्न वाढलं. एकनिष्ठतेचं फळ म्हणून वायसरने पेढे-लाडू नव्हे, तर थेट दुकानाची किल्लीच वाटली. वर्षअखेरची वाट न बघता मालकाच्या हातावर ठेवून आला. मालकाने ती तासाभरात मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिली.

चौथ्या दिवशी नेटवर्कचं पत्र आलं. 'प्रिय भागीदार, आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली आहे. खाते कायमचे बंद करण्यात येत असून शिल्लक रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल. कोणती हालचाल, हे सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. आपल्यासोबत काम करून आनंद झाला. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.'

वायसरने पत्र तीनदा वाचलं. वहिनी शेजारीच फोन घेऊन बसल्या होत्या.

"आई, तू काय करतेयस?"

"काही नाही रे, तुझ्या जाहिराती बघतेय. आज एकही दिसत नाही. आजारी आहेत का?"

"तू जाहिराती दाबतेस?"

"दाबते कशाला? मान ठेवून उघडते. तो सोफा बिचारा किती महिने दारोदार फिरतोय, कुणीतरी विचारपूस नको करायला?"

"अगं आई, उघडली की पैसे मिळतात, म्हणून तर आपल्या माणसांनी उघडायच्या नसतात त्या!"

"मग काय परक्यांनी उघडायच्या? कमाल आहे बाबा तुझ्या कंपनीची."

फेरविचारासाठी अर्ज करायची सोय होती, ती वायसरने वापरली. आईचं वय, स्वभाव आणि सात बायकांची तपशीलवार नाती लिहून कळवली. 'सखोल चौकशीअंती' नकार आला, तेव्हा अर्ज पाठवताना हातात घेतलेला चहा अजून फुंकायचाच होता. अशी तत्परता आमच्या पाणीपुरवठा खात्यात आली, तर नळदुरुस्तीचा धंदाच बुडेल.

आता वायसर पान्यांची पिशवी खांद्याला लावून घरोघरी जातो. दुकान नाही म्हणून लोक दर पाडून मागतात. इमारतींचं कंत्राट दुसऱ्याला गेलंय. सूनबाईने "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही; ती फक्त मुलाच्या फीचं पत्रक आरशाला खोचून ठेवते, त्याच्या दाढीच्या वेळेला.

साइट त्याने बंद केली नाही. जाहिराती गेल्या, तशी चौदा पानं पुन्हा एक झाली, आणि पाणी सर्वांत आधी बंद होऊ लागलं. वाचक दुप्पट झाले. खाली त्याने नम्रपणे एक बटण ठेवलं: 'उपयोग झाला असेल, तर मनाला येईल ते द्या.' दर महिन्याला हजारो नळ त्या पानावर दुरुस्त होतात. आशीर्वाद पोत्याने येतात. एका वाचकाने कळवलं की पान उत्तम आहे, फक्त खालचं बटण डोळ्यांत खुपतं, ते काढावं. पैसे अजून यायचे आहेत.

वायसर मात्र समजूतदार आहे. म्हणतो, "काका, लोक वाईट नाहीत हो. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी देतच असेल."

हे वाचून आपल्याला त्या लोकांचं हसू आलं असेल. यावंच. हे पुस्तक आपण विकत घेतलेलं असेल, तर आमचं काही म्हणणं नाही. पण ज्यांच्याकडून ते 'दोन दिवसांत परत देतो' म्हणून आणलं, त्यांचे फोन येऊन गेलेत. एखादा उचलायला हरकत नाही.