सासूबाईंचं चंदेरी झाड

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या लेकीकडे निघाल्या आणि जाताना आपल्या लाडक्या झाडाची कुंडी धाकट्या जावयाच्या हवाली करून गेल्या. गुडघाभर उंचीचं झुडूप, जाड गुबगुबीत पानं, रंग चांदीसारखा.

"पाणी पंधरा दिवसांतून एकदाच. ऊन कोवळंच द्या. गारठा पडला की घरात घ्या, फार नाजूक आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, माझ्या चष्म्याचं केलंत तसं याचं करू नका म्हणजे मिळवली."

जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याने दिलेल्या चष्म्यातून सगळं धुरकट दिसतं, असं सासूबाई तीन वर्षं गावभर सांगत होत्या आणि त्यापायी निम्मं गिऱ्हाईक तुटलं होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू दाखवला तरी त्यांचं मत बदललं नाही. मोतीबिंदूही त्या चष्म्यानेच झाला, असं त्या म्हणू लागल्या. आता निदान झाड तरी धड परत करावं, म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल, एवढीच बिचाऱ्याची आशा होती.

दहा दिवस सुरळीत गेले. अकराव्या दिवशी सासूबाई परत येणार म्हणून त्याने सकाळी झाड नीट न्याहाळलं. पानांवर पांढुरकी धूळ दिसली. आता, धुरकट वस्तू समोर आली की चष्मेवाल्याचा हात काही गप्प बसत नाही. त्याने काचा पुसायचं मऊ फडकं काढलं आणि एकूण एक पान लख्ख केलं. झाड हिरवंगार झालं.

"अहो, हे काय केलंत!" बायको दारातूनच ओरडली. "ती धूळ नव्हती! पानांची स्वतःची भुकटी असते ती. पुसलेल्या पानावर परत येत नाही!"

"मग आता?"

"आता आईला तोंड दाखवू नका."

जावयाने अंगाला लावायची पावडर आणून पानांवर थापली. झाड आजारी दिसायला लागलं, वर त्याला गुलाबाचा वास सुटला. पावडर धुवायला पाणी ओतलं, तर पानं आणखीच चकाकली. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली.

सासूबाई आल्या त्या काळा चष्मा काढून थेट कुंडीपुढे उभ्या राहिल्या. जावयाने फडकं पाठीमागे लपवलं.

"अगं बाई! हे हिरवं आहे होय? आणि मला इतकी वर्षं चंदेरी दिसत होतं! सगळा मेल्या मोतीबिंदूचा खेळ." त्या जावयाकडे वळल्या. "जावईबापू, तुमच्या चष्म्याला उगीच नावं ठेवली हो मी. उद्यापासून सगळ्यांना तुमच्याकडेच पाठवते."

बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. जावयाने तिच्या पायावर पाय दिला.

गिऱ्हाईक परतलं. दुकान पूर्वीपेक्षा जोरात चालू लागलं. महिन्याभराने सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, शेंड्याला नवी दोन पानं आलीत, ती चंदेरी दिसतायत. मोतीबिंदू परत आला हो!"

"डॉक्टरकडे जाऊ नका, आई. मी येतोच."

तेव्हापासून तो दर रविवारी ते मऊ फडकं खिशात घालून सासूबाईंचे डोळे तपासायला जातो. त्यांना खुर्चीत बसवतो आणि पाच मिनिटं डोळे घट्ट मिटायला सांगतो. उघडले की झाड हिरवं दिसतं. असा हातगुण डॉक्टरलासुद्धा नाही, असं आता त्या गावभर सांगतात.