तीनशे बारावी चूक

कपाट एक आणि दावेदार दोन, तिथून सगळं सुरू झालं. एका बाजूला काकू. दुसऱ्यांनी वाकडंतिकडं शिवलेलं उसवून सरळ करून द्यायचं त्यांचं काम, आणि ते इतकं वाढलं होतं की रिळं, बटणं आणि गिऱ्हाइकांचे गठ्ठे आता पलंगावर येऊन बसले होते. दुसऱ्या बाजूला काका. त्यांची चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, आणि निवृत्त झाले तरी हातातली लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. घरात आलेलं प्रत्येक पुस्तक ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दुरुस्त करत आणि मगच कपाटात ठेवत. इमारतीत सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणत. चिडवायला ठेवलेलं नाव, पण त्यांना ते आवडायचं, आता काय बोलणार!

"महिनाअखेरीला रद्दीवाला बोलावलाय," काकूंनी एके सकाळी सांगून टाकलं. "किलोवर जातील सगळी."

काका ताडकन उठले. "किलोवर? अगं, पुस्तकं आहेत ती, कांदे नव्हेत."

मग बरीच हमरीतुमरी झाली आणि शेवटी करार ठरला. हल्ली जुनी पुस्तकं फोनवरून विकता येतात. काकांनी आपल्या पुस्तकांची खरी किंमत काढावी आणि ती विकायला लावावीत. महिनाअखेरीला पाच वाजेपर्यंत एक जरी पुस्तक त्या किमतीला गेलं, तर काकू पुन्हा कपाटाचं नाव काढणार नाहीत. नाही गेलं, तर रद्दीवाला आहेच.

किंमत काढायला काका फोन घेऊन बसले. विक्रीच्या ॲपवर पहिला प्रश्न पुस्तकाच्या नावाचा, दुसरा सालाचा, आणि तिसरा, आत काही लिहिलेलं आहे का? काका खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी 'हो'वर बोट ठेवलं आणि लगेच उत्तर आलं, पुस्तक खराब, अपेक्षित किंमत नऊ रुपये. दुसरं पुस्तक घातलं, नऊ रुपये. तिसरं, तेच. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मदतीचा नंबर शोधून फिरवला.

"सर, आत लिहिलेलं असेल तर खराबच दाखवतं," पलीकडची मुलगी म्हणाली.

"बाई, पुस्तक खराब होतं ते छापलं तेव्हा. मी ते बरं केलंय."

"बरं केलेलं असा पर्याय नाहीये, सर."

"मग घाला. आणि घालायला बसालच, तर तुमच्या त्या पानावर 'पुस्तकाची स्थीती' असं लिहिलंय, त्यातल्या थला पहिली वेलांटी द्या."

मुलीने फोन ठेवला. काकांनी मात्र हार मानली नाही. आपल्या मालाची किंमत हे फोनवाले कोण ठरवणार? उसवून पुन्हा शिवायचे तू पैसे घेतेस की नाही, असं त्यांनी काकूंना विचारलं. घेते तर, काकू म्हणाल्या, पण माझं गिऱ्हाईक तीन जिने चढून आपणहून येतं, तुमच्याकडे कोण आलंय? काका कामाला लागले.

त्यांचा हिशेब सरळ होता. छापील किंमत अधिक दुरुस्त केलेल्या प्रत्येक चुकीचा एक रुपया. प्रत्येक पुस्तकाखाली त्यांनी लिहिलं, 'यात इतक्या चुका होत्या. आता एकही नाही.' झालं काय, की पुस्तक जितकं गचाळ छापलेलं तितकं महाग. ज्यात दोनच चुका सापडल्या ते देखणं पुस्तक तळाला गेलं, आणि सगळ्यात वर जाऊन बसलं शुद्धलेखनावरचं एक मार्गदर्शक. छापील किंमत साठ, चुका तीनशे अकरा, एकूण तीनशे एकाहत्तर.

दुसऱ्या मजल्यावरच्या कवीने आपला संग्रह 'एकशे नव्वद चुका' अशा मथळ्याखाली पाहिला आणि तो तणतणत वर आला. यातल्या चाळीस चुका मी मुद्दाम केल्या आहेत, ती माझी शैली आहे, असं त्याचं म्हणणं. काकांनी शांतपणे चाळीस रुपये कमी केले. त्या दिवसापासून कवी जिन्यात भेटला की भिंतीकडे बघायचा.

आणि महिना संपायला पाच दिवस असताना ते मार्गदर्शक विकलं गेलं! काकांनी ते स्वतः बांधलं, स्वतः पाठवलं आणि दोन दिवस घरात छाती काढून फिरले. शेवटच्या दिवशी दुपारी दारावर पुडकं आलं आणि काकूंनी ते त्यांच्यापुढे ठेवलं.

"तुमचं पुस्तक परत आलंय."

आत हिरव्या शाईची चिठ्ठी होती. 'आता एकही चूक नाही असे आपण म्हटले आहे. पृष्ठ अठ्ठ्याऐंशी, ओळ चौथी पाहावी. पैसे परत मिळावेत.' खाली सही, एक निवृत्त मुख्याध्यापिका. काकांनी आधी भिंग घेऊन ती चिठ्ठीच तपासली. तिच्यात चूक नव्हती. ते त्यांना फार लागलं. मग त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं पान काढलं आणि मटकन खाली बसले.

काकूंनी पुस्तक ओढून मोठ्याने वाचलं. "'आजीने सुईत सुत ओवले.' मग? बरोबर तर आहे."

"पहिला उकार आहे," काका पुटपुटले. "सूत म्हणजे दोरा. सुत म्हणजे मुलगा."

"म्हणजे आजीने मुलाला..." पुढचं काकूंना बोलवेना. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. "अहो, एवढी वर्षं माझ्या मशीनशेजारी बसलात, आणि तुम्हाला सूतच दिसलं नाही?"

सुताला, सुताने असं म्हणताना पहिलाच उकार येतो, म्हणून नजर घसरली, असं काका सांगू लागले आणि मध्येच थांबले. असली सबब त्यांनी चौतीस वर्षांत खिळे जुळवणाऱ्या एकाही जुळाऱ्याकडून ऐकून घेतली नव्हती. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं पाहून काकूंना वाईट वाटलं. वरचा एक कप्पा राहू द्या तुम्हाला, त्या म्हणाल्या.

"दया नको," काका उठले. "करार तो करार. पाच वाजायचेत अजून."

त्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं आणि 'सुत'ला दुसरा उकार दिला. मुख्याध्यापिकांचे पैसे परत पाठवले. मग पुस्तक पुन्हा विकायला लावलं. 'यात तीनशे बारा चुका होत्या. शेवटची एका जाणकार वाचक बाईंनी दाखवली. किंमत तीनशे बहात्तर.'

"अहो, वाढवली?" काकू म्हणाल्या.

"काम वाढलं, मजुरी वाढली."

पाचाला दहा कमी असताना रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा राहिला. तो चपला काढतो न काढतो तोच काकांच्या मांडीवरचा फोन वाजला. तेच पुस्तक, तीनशे बहात्तरला, त्याच मुख्याध्यापिकांनी घेतलं होतं. सोबत निरोप होता. 'आता हरकत नाही. पोचल्यावर पुन्हा तपासणार आहे.'

"तपासा म्हणावं," काका गरजले.

रद्दीवाल्याला काही कळेना. काकूंनी पलंगाखालून चिंध्यांचं पोतं ओढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "आलाच आहात तर हे न्या. पुस्तकं राहू द्या. एकदा काम करून नेलेलं गिऱ्हाईक परत आलं म्हणजे काम चांगलं होतं, आमच्या धंद्यात असंच म्हणतात."

हरलेल्याशी बोलू नये, असं काकांचं मत. पण दुसऱ्या दिवशी काकू उठल्या तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे होते, पुसून लख्ख केलेले. कडेला एक कागद डकवला होता आणि त्यावर लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता. 'सूत.' दुसरा उकार चांगला बोटभर लांब काढून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

काकूंनी तो वाचला आणि पलंगावरची रिळं उचलायला घेतली.